फोटो हलला, चेहरा हरवला!

दोस्तांनो, तुमच्यापैकी चष्मा कोणाकोणाला आहे? लांबचं नीट दिसत नाही म्हणून चष्मा लागला असेल, तर आज संध्याकाळी एक गंमत करा. दिवे लागले की गच्चीत जा, चष्मा काढा आणि दूरच्या दिव्यांकडे बघा. चष्मा नसलेल्यांनी हिरमुसून जायचं कारण नाही. त्यांनी डोळ्यांपुढे वीतभर अंतरावर बोट धरावं आणि त्या बोटाकडेच टक लावून बघावं. मागचे दिवे त्यांनाही तसेच दिसतील. कसे? चांगले फुगलेले, वाटोळे, एकमेकांच्या अंगावर रेललेले!

आता मला सांगा, दिव्याचा प्रकाश कमी झाला का? मुळीच नाही. प्रकाश तेवढाच आहे. एका ठिपक्यात मावायचा तो चकतीभर पसरला, एवढंच. एका दिव्याची चकती शेजारच्या चकतीत मिसळली आणि सगळा गोंधळ झाला.

फोटो धूसर येतो तेव्हाही हेच घडतं. समोरच्या वस्तूच्या प्रत्येक बिंदूतून आलेला प्रकाश भिंगानं पुन्हा एका बिंदूत गोळा करायचा असतो. फोकस चुकला, की बिंदूची चकती होते. हात हलला, की बिंदूची रेघ होते. कॅमेरा स्थिर, पण समोरचा धाकटा भाऊच उड्या मारतोय, असं असेल तर भाऊ तेवढा पुसट आणि मागची भिंत लख्ख! रात्री काढलेला एखादा हललेला फोटो सापडला, तर त्यातले रस्त्यावरचे दिवे नीट बघा. बहुतेक वेळा प्रत्येक दिव्याला सारखीच वेडीवाकडी शेपटी फुटलेली दिसेल. फोटो काढणाऱ्याचा हात कसकसा हलला, त्याची ती सहीच म्हणा ना! ही सही लक्षात ठेवा हं. पुढे ती कामाला येणार आहे.

धूसर फोटो स्पष्ट करून देणारी सॉफ्टवेअर हल्ली संगणकावर आणि मोबाइलवरही मिळतात. पण पसरलेला प्रकाश पुन्हा गोळा करता येतो का हो? आमच्या घरी एका दिवाळीच्या सुट्टीत या प्रश्नानं सगळ्यांना कामाला लावलं. कारण फोटो होता माझ्या आजीचा.

माझ्या आजीला मी पाहिलेलं नाही. ती माझ्या जन्माआधीच गेली. तिचा एकच फोटो घरात आहे आणि तोही तिचा म्हणून काढलेला नाही. 1958 साली नात्यातलं एक लग्न झालं, त्याचा तो फोटो. मधोमध मुंडावळ्या बांधून ताठ बसलेले नवरा-नवरी आणि डाव्या कडेला औक्षणाचं ताट घेऊन लगबगीनं निघालेली आजी. फोटोग्राफरनं फोकस केला नवरा-नवरीवर. आजी होती मागे आणि त्यातून चालत होती. मग काय होणार? तिचा चेहरा म्हणजे हरभऱ्याएवढा करडा डाग! बाबा आणि आत्या त्या डागावर बोट ठेवून "ही आई" म्हणतात आणि आम्ही बाकीचे माना डोलावतो.

माझी पुतणी तेव्हा नववीत होती. ती म्हणाली, "काका, आपण पणजीचा फोटो स्पष्ट करू या. मला ती बघायचीय." मूळ फोटोला धक्का न लावता आम्ही तो स्कॅन केला, अगदी बारकाईनं, एका इंचात 1200 ठिपके घेऊन. आणि लागलो कामाला.

पहिला उपाय सगळ्यात जुना. त्याचं नावच गमतीचं आहे, अनशार्प मास्क. म्हणजे 'धूसर पडदा'. फोटो रेखीव करायच्या हत्याराचं नाव धूसर! संगणक येण्याच्या कितीतरी आधी अंधारखोलीत काम करणारे फोटोग्राफर ही युक्ती वापरत. ते निगेटिव्हवरून मुद्दाम एक धूसर, फिकी, उलट्या छटांची प्रत बनवत, ती मूळ निगेटिव्हला नेमकी जुळवून ठेवत आणि मग दोन्हींमधून फोटो छापत. त्यात वस्तूंच्या कडा उठून दिसत. संगणक हेच काम आकड्यांनी करतो. चला, चौकटीची वही आणि पेन्सिल घ्या, आपणही करून बघू.

संगणकाला फोटो म्हणजे नुसते आकडे. साध्या कृष्णधवल फोटोत 0 म्हणजे काळाकुट्ट आणि 255 म्हणजे पांढराशुभ्र. समजा, डावीकडे करडं दार आहे, उजवीकडे उजळ भिंत आहे आणि दोहोंमधली कड धूसर आली आहे. एका ओळीतले सहा ठिपके असे:

90, 90, 120, 180, 210, 210

आता प्रत्येक आकड्याच्या जागी तो स्वतः आणि त्याचे दोन शेजारी, अशा तिघांची सरासरी लिहा. (दोन्ही टोकांच्या पलीकडे तेच आकडे आहेत असं धरा.) ही झाली आपली धूसर प्रत:

90, 100, 130, 170, 200, 210

मूळ ओळीतून ही ओळ वजा करा. उरतील 0, उणे 10, उणे 10, अधिक 10, अधिक 10 आणि 0. हा फरक पुन्हा मूळ ओळीत मिळवा:

90, 80, 110, 190, 220, 210

बघा बरं काय झालं! मधल्या दोन ठिपक्यांत आधी 60 चा फरक होता, आता 80 चा झाला. डोळ्याला कड जास्त ठसठशीत वाटणार. पण जरा थांबा. 80 आणि 220 हे आकडे आले कुठून? दार 90 पेक्षा काळं नव्हतंच आणि भिंतही 210 पेक्षा उजळ नव्हती. म्हणजे कडेच्या एका बाजूला जादा काळी आणि दुसऱ्या बाजूला जादा पांढरी रेघ आपण स्वतः ओढली! हा उपाय जास्त केला, की फोटोतल्या माणसांभोवती चंद्राला पडतं तसं पांढरं खळं पडतं ते यामुळेच. पसरलेला प्रकाश यात घरी परतत नाही. फक्त डोळ्याला रेखीवपणाचा भास होतो. बेतानं केलं तर तो भास छान दिसतो, यात शंका नाही.

आजीच्या फोटोवर हे केलं तेव्हा ताटाची कड उठली, साडीचा काठ दिसू लागला. चेहरा मात्र होता तिथंच. उलट जुन्या फोटोतले बारीक कण वाळूसारखे टरारून वर आले. पुतणी म्हणाली, "पणजीला गोवर आल्यासारखा दिसतोय!"

दुसरा उपाय खरा गणिताचा. त्यासाठी आपण जरा अंतराळात जाऊन येऊ.

24 एप्रिल 1990 रोजी अमेरिकेच्या अंतराळयानातून हबल दुर्बीण निघाली आणि पृथ्वीभोवती फिरू लागली. तिचा मुख्य आरसा 2.4 मीटर रुंद. सगळं जग तिच्या फोटोंकडे डोळे लावून बसलेलं. आणि फोटो आले ते धूसर! आरसा घासताना तो नीट घासला जातो आहे की नाही हे तपासणाऱ्या उपकरणातलं एक भिंग 1.3 मिलिमीटर सरकलेलं होतं. त्यामुळे आरशाची कड हवी त्यापेक्षा किंचित सपाट झाली होती. किती सपाट? माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण पन्नासावा भाग! पण तेवढ्यानं प्रत्येक ताऱ्याभोवती प्रकाशाचा पिसारा पसरला.

दुरुस्तीला माणसं पाठवायला काही वर्षं लागणार होती. तोवर काय करायचं? शास्त्रज्ञांनी विचार केला, की तारा इतका दूर असतो की तो बिंदूसारखाच दिसायला हवा. मग फोटोत दिसणारा ताऱ्याचा पिसारा म्हणजे या दुर्बिणीची सही! एक बिंदू कसा पसरतो हे कळलं, की उलटं गणित मांडता येतं. धूसर फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यात कोणाकोणाचा किती प्रकाश मिसळला असेल, याचा हिशेब करायचा आणि ज्याचा त्याला परत द्यायचा. यासाठीची एक पद्धत रिचर्डसन यांनी 1972 साली आणि लूसी यांनी 1974 साली स्वतंत्रपणे मांडलेली होती. म्हणून तिला रिचर्डसन-लूसी पद्धत म्हणतात. आधी एक अंदाजी चित्र घ्यायचं, ते धूसर करून खऱ्या फोटोशी ताडून बघायचं, जिथं चुकलं तिथं सुधारायचं, पुन्हा ताडायचं, पुन्हा सुधारायचं. असं अनेकदा! या आणि अशाच दुसऱ्या पद्धतींनी हबलच्या धूसर फोटोंमधूनही शास्त्रज्ञांनी कामाची माहिती काढली.

पण ही जादू सगळीकडे चालली नाही, बरं का. तेजस्वी वस्तूंना ती लागू पडली. ज्या अंधूक वस्तूंचा प्रकाश पसरून इतका पातळ झाला होता, की तो फोटोतल्या कणाकणांच्या गोंगाटात बुडून गेला, त्यांच्यापुढे गणितानं हात टेकले. पसरलेलं परत गोळा करता येतं, बुडालेलं नाही! अखेर डिसेंबर 1993 मध्ये अंतराळवीर गेले. पाच वेळा यानाबाहेर पडून त्यांनी काम केलं आणि दुर्बिणीत दोष भरून काढणारी उपकरणं बसवली. म्हणजे तिला चष्माच लावला म्हणा ना! त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ तिनं आपल्याला विश्वाचे लख्ख फोटो दाखवले.

हे बुडणं आधीच टाळता येईल का, असा विचार करणाऱ्यांत एक आपला माणूस आहे. नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर. अमेरिकेत काम करताना 2006 साली त्यांनी अमित अगरवाल आणि जॅक टम्बलिन यांच्यासह एक वेगळाच कॅमेरा जगापुढे ठेवला. साधा कॅमेरा फोटो काढताना झडप एकदाच उघडतो आणि मिटतो. त्यामुळे पळत्या मोटारीची एक सलग रेघ होते आणि बारीक तपशील त्यात कायमचे विरघळतात. या कॅमेऱ्याची झडप मात्र एकाच फोटोच्या वेळात ठरवून दिलेल्या ताला-बेतालात उघडझाप करते. उघड, मीट, उघड, उघड, मीट, मीट, उघड! मग रेघ सलग न होता तुटक होते आणि तिच्यातून उलटं गणित करून मोटार पुष्कळच स्वच्छ परत मिळवता येते. फोटो बिघडल्यावर डोकं चालवण्यापेक्षा काढतानाच ते चालवलं, आहे की नाही शक्कल?

आता आजीकडे येऊ. तिच्या फोटोत तारा कुठून आणायचा? पुतणीच ओरडली, "काका, निरांजन!" खरंच की! औक्षणाच्या ताटातली निरांजनाची ज्योत एका तिरक्या, फुगीर रेघेसारखी उमटली होती. ताट आजीच्या हातात, म्हणजे ताट जसं हललं साधारण तशीच आजी हलली. मिळाली सही! तिच्यावरून संगणकाला हिशेब करायला लावला. पहिल्या काही फेऱ्यांनंतर चेहऱ्याच्या डागात डोळ्यांच्या दोन सावल्या वेगळ्या झाल्या. मग कपाळावर एक काळा वाटोळा ठिपका उमटला. बाबा पुढे वाकले आणि म्हणाले, "हां! आई एवढंच मोठं कुंकू लावायची."

पुढच्या फेऱ्यांमध्ये चेहऱ्यावर पाण्यातल्या लाटांसारखी वलयं उठायला लागली, तेव्हा आम्ही थांबलो. दोन सावल्या आणि एक कुंकू. त्या फोटोत आजीच्या चेहऱ्याचं एवढंच शिल्लक होतं.

पुतणीचं तेवढ्यानं समाधान होईना. तिनं मोबाइलवरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका सॉफ्टवेअरला फोटो दिला. पाच सेकंदांत चेहरा तयार! कोरलेल्या भुवया, पाणीदार डोळे, तुकतुकीत गाल, ओठांवर हलकं हसू. घरात एकच गलका झाला. कोणीतरी तो फोटो लगेच सगळ्या नातेवाइकांना पाठवलासुद्धा.

बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पोरगी देखणी आहे. पण ही कोण?"

आत्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ती म्हणाली, "अगं, आईला लहानपणी देवी आल्या होत्या. दोन्ही गालांवर व्रण होते तिच्या. मी झोपताना त्यांच्यावरून बोट फिरवायची. हिच्या गालावर तर काहीच नाही."

घर गप्प झालं. पुतणीनं हळूच विचारलं, "मग हा चेहरा आला कुठून?"

मुलांनो, या प्रश्नाचं उत्तर फार महत्त्वाचं आहे. आईबाबांनाही हा भाग वाचून दाखवा.

अशा सॉफ्टवेअरला आधी असंख्य माणसांचे चेहरे दाखवलेले असतात. त्यातून ते शिकतं, की डोळे साधारण असे असतात, नाक असं, गाल असे. तुमचा धूसर फोटो दिला, की ते पसरलेला प्रकाश गोळा करत बसत नाही. या डागाच्या जागी कसला चेहरा शोभेल, याचा अंदाज करतं आणि तो रंगवून देतं. भारतात देवीच्या साथीचा शेवटचा रुग्ण सापडला 1975 साली. हल्लीच्या फोटोंत देवीचे व्रण असलेले चेहरे असणार तरी किती? जे फारसं पाहिलंच नाही, ते सॉफ्टवेअर रंगवणार कसं?

2020 साली हे साऱ्या जगाला दिसलं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी अवघ्या 16 गुणिले 16 ठिपक्यांच्या चेहऱ्यावरून 1024 गुणिले 1024 ठिपक्यांचा रेखीव चेहरा बनवणारं सॉफ्टवेअर तयार केलं. हिशेब करा, एका ठिपक्याच्या जागी 4096 ठिपके! म्हणजे बहुतेक सगळा अंदाजच. त्याला कोणीतरी अमेरिकेचे माजी अध्यक्ष बराक ओबामा यांचा ठिपक्याठिपक्यांचा फोटो दिला. बाहेर आला एका गोऱ्या माणसाचा चेहरा! ओळख पटवण्यासाठी हे साधन वापरू नये, हे त्या संशोधकांनीही सांगितलेलं होतं. यातून दिसणारा चेहरा कोणा खऱ्या माणसाचा नसतोच.

सिनेमात इन्स्पेक्टर म्हणतो, "झूम करो!" आणि पुसट डागातून चोराचा चेहरा लख्ख उगवतो. असा चेहरा सॉफ्टवेअरनं अंदाजानं रंगवला आणि तो गल्लीतल्या एखाद्या निरपराध माणसासारखा निघाला, तर? त्याच्यावर काय प्रसंग येईल, विचार करा. एकाच दृश्याचे अनेक धूसर फोटो जुळवून खरा तपशील मिळवता येतो, कारण प्रत्येकात थोडा वेगळा प्रकाश टिपलेला असतो. पण जो प्रकाश एकातही शिरला नाही, तो कोणी आणायचा?

आम्ही काय केलं ते सांगतो. सगळ्या नातेवाइकांना पुन्हा निरोप गेला, की तो चेहरा आजीचा नाही, संगणकाच्या कल्पनेतला आहे. पुतणीनं त्या चित्रावरही ठळक अक्षरांत तसं लिहिलं. कुंकू दिसणारा फोटो मोठा करून छापला. आणि एका कागदावर तिनं आत्या सांगेल ते उतरवून घेतलं. रंग सावळा. गालांवर देवीचे व्रण, डाव्या गालावर जास्त. हसताना तोंडाला पदर लावायची सवय. कागदाची घडी फोटोच्या चौकटीमागे गेली. हे कुठल्याच सॉफ्टवेअरला सांगता आलं नसतं आणि आणखी वीस वर्षांनी ते सांगायला घरात कोणी उरलंही नसतं.

याचा अर्थ नवी सॉफ्टवेअर वाईट, असं मुळीच नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रावर फुलाचा धूसर फोटो आहे, करा की रेखीव! त्यात कोणाचं काही बिघडत नाही. पण घरातलं माणूस, वर्तमानपत्रातली बातमी, पोलिसांचा तपास, डॉक्टरांकडचा एक्स-रे, अशा ठिकाणी रेखीव चित्र समोर आलं, की एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. हे प्रकाशानं आणलंय की अंदाजानं भरलंय?

आणि तीन गोष्टी पाळा. मूळ फोटो, मग तो कागदावरचा असो की मोबाइलमधला, कधीही पुसू नका. जे काही करायचं ते त्याच्या प्रतीवर करा. प्रत सुधारली, तर कशानं सुधारली ते तिथंच लिहून ठेवा. आणि पुढचा फोटो काढताना कोपर अंगाशी टेकवा, श्वास क्षणभर रोखा, उजेड चांगला घ्या. हे सगळ्यात स्वस्त सॉफ्टवेअर!

तिसरी गोष्ट जमेपर्यंत एक काम करा. या रविवारी घरातले जुने अल्बम काढा आणि आजी-आजोबांना मध्ये बसवा. प्रत्येक पुसट चेहऱ्यापाशी थांबून विचारा, "हे कोण? कसे दिसायचे?" ऐकलेलं पेन्सिलीनं फोटोच्या पाठीमागे हलक्या हातानं लिहा. सॉफ्टवेअर काय, उद्याही मिळेल. सांगणारं माणूस आज घरात आहे.